दोन वाशी, एक रास
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावाचे नाव सांगितले, की परगावच्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे नवी मुंबईतली का?’ नाही हो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या पठारावरची. तेरखेड्याचे फटाके आणि सरमकुंडी फाट्यावरचा पेढा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती लगेच कळते. दुसरी वाशी खाडीकाठची. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवे शहर आखले गेले आणि त्यात ती वाढली. आमच्याकडचा एखादा ट्रक कांदा घेऊन तिथल्या बाजार समितीत जातो, एवढाच काय तो दोघींचा संबंध.

गंमत अशी, की नावरास काढायची म्हटली तर दोन्ही वाशींची रास एकच. ‘वा’ हे अक्षर रोहिणी नक्षत्राचे, म्हणून वृषभ. आता अशी कल्पना करा, की जानेवारीच्या एका रात्री, एकाच मिनिटाला, या दोन्ही गावांतल्या दोन बायका बाळंत झाल्या. दोघींनाही मुली झाल्या. दोन गावांच्या रेखांशांत पावणेतीन अंशांच्या आसपास फरक आहे. म्हणजे सूर्य आमच्याकडे दहा-अकरा मिनिटे आधी उगवतो. लग्नरास साधारण दोन तास टिकते, तेव्हा या एवढ्याशा फरकाने कुंडली फारशी बदलत नाही. चंद्र तोच, मंगळ तोच, शनीही जागचा हललेला नाही. या दोन मुली पंचवीस वर्षांच्या होतील तेव्हा कुठे असतील, हे मात्र तुम्ही आम्ही पत्रिका न बघताही बऱ्यापैकी सांगू शकतो. आणि आपला अंदाज फार चुकणार नाही, हीच वाईट गोष्ट आहे.

पत्रिकेवर विश्वास ठेवू नका, असे सांगायला मी आलेलो नाही. ज्याचा त्याचा प्रश्न. रविवारच्या पुरवणीत वाचकाचे बोट आधी राशिभविष्यावर जाते हे मला माहीत आहे, माझेही जाते. पण एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांपुढे एक साधी परीक्षा ठेवली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाने त्यांतल्या चाळीस घ्यायच्या आणि कोणती कोणाची ते सांगायचे. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली, आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नासच्या आसपास निघाली असती.

तरीही मला ज्योतिषाचे प्रश्न आवडतात. तो तीन गोष्टी विचारतो : जन्मतारीख काय, जन्मवेळ कोणती, जन्म कुठे झाला? माणसाच्या आयुष्याबद्दल याहून नेमके प्रश्न सापडणार नाहीत. फक्त त्यांची उत्तरे घेऊन वर आकाशाकडे बघायचे, की खाली जमिनीकडे, एवढाच मुद्दा आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. वाशी तालुक्यातल्या वस्त्यांवर हजेरीपट आणि प्रवेश निर्गम रजिस्टर हाताळण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मी जमिनीकडेच बघणार.

पहिला प्रश्न तारखेचा. आमच्याकडे कुठल्याही शाळेचे जुने रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. अख्खा गाव एकाच दिवशी जन्मलेला! माझी स्वतःची तारीखही तीच. कारण अगदी सरळ आहे. शाळा उघडायची जूनमध्ये. आई किंवा आजा लेकराला हाताला धरून आणायचा. ‘कधीचं हाय?’ विचारले की उत्तर यायचे, ‘ज्वारी काढणीला आली होती तवाचं’, नाहीतर ‘ह्याच्या जन्मानंतर सा महिन्यानं किल्लारीचा भूकंप झाला बघा’. त्याआधीच्या पिढीचे हिशेब रझाकाराच्या सालापासून आणि बहात्तरच्या दुष्काळापासून चालत. गुरुजी लेकराला डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरायला लावत. कान हाताला लागला, की सहा वर्षे पूर्ण. मग सहा वर्षे मागे जाऊन १ जून लिहायची. कोणाचे नुकसान करावे असा त्यात हेतू नव्हता. उलट, मूल शाळेत बसावे म्हणून काढलेली ती वाट होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. पण कायदा लागू होणे आणि तो बालाघाट चढून वस्तीवर येणे यांत बरीच वर्षे जातात.

या १ जूनचे पुढे काय होते ते सरकारी नोकरांना विचारा. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे हा आमच्याकडे निरोप समारंभांचा दिवस. हार कमी पडतात. ज्याचा खरा जन्म जानेवारीतला, तो सात-आठ महिन्यांचा पगार सोडून घरी बसतो. हे सारे हसण्यावारी नेता येते. पण हीच तारीख एखाद्या मुलीच्या आयुष्यात आली की हसू येत नाही. तिच्याकडे यायचे तर आधी तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे जन्म कुठे झाला याकडे जावे लागेल.

वाशी, भूम, कळंब आणि घाटाला लागून असलेला बीड जिल्हा हा सगळा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. दसरा झाला की गावातले आवाज बदलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक, ट्रॅक्टर भरतात. भांडी, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी, लेकरे, सगळे वर चढते आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक अशा वाटांना लागते. परत यायचे ते एप्रिल उजाडल्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. एकटा माणूस अर्धा कोयता. एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. म्हणून दिवस भरत आलेली बाईही फडात उभी असते. मूल जन्माला येते ते पाचटाच्या कोपीत, नाहीतर टायरगाडीतून गाठलेल्या परक्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात.

आता कायदा असा, की जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. आईबाप राहतात कुठे, याला महत्त्व नाही. म्हणजे वाशी तालुक्यातले मूल, पण त्याचा जन्म लागला कृष्णाकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात. २१ दिवसांच्या आत कळवले तर नोंद बिनखर्चाची. त्यानंतर विलंब शुल्क, परवानगी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आणि नोंद झाली तरी बहुधा ती बिननावाची असते, कारण आमच्याकडे बारसे घरी आल्यावर, आत्याच्या हातून होते. रकान्यात ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’, आईचे नाव, बापाचे नाव आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. नंतर नाव घालता येते. वर्षभरात फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण त्यासाठी त्याच कार्यालयात जायला हवे. टोळी तोवर दुसऱ्या फडावर, पुढच्या साली दुसऱ्याच कारखान्यावर गेलेली असते. कोणत्या गावात लेकरू झाले, हे आईला गावाच्या नावाने सांगता येत नाही. ‘पुलापलीकडं दवाखाना होता’ एवढे तिला आठवते.

अशाच एका मुलीची हकिगत. नाव-गाव सांगत नाही. ती संक्रांतीच्या आगेमागे जन्मली, हे तिच्या आईला पक्के ठाऊक होते. शाळेत मात्र आदल्या वर्षीची १ जून लागलेली. मुलगी अभ्यासात बरी. आईबाप फडावर गेले की आजीजवळ राहायची. हंगामी वसतिगृह म्हणून शाळेत दोन वेळचे जेवण मिळायचे, त्या जोरावर तिची शाळा तुटली नाही. बारावी झाली. नर्सिंगला जायचे म्हणत होती. आणि त्याच मे महिन्यात बापाने स्थळ पक्के केले. दाखल्याप्रमाणे १ जूनला तिला अठरा पूर्ण होत होती. लग्नाची तिथी धरली जूनच्या मध्यावर.

बाप वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. शहरातल्या लोकांना वाटते, खेड्यातला बाप मुलीला ओझे समजतो म्हणून तिचे लवकर लग्न लावतो. असेही असते. पण ऊसतोडीच्या मुलखात आणखी एक हिशेब चालतो. लग्न झाले की मुलाचा अर्धा कोयता पूर्ण होतो आणि उचल वाढते. म्हणून मुलाकडच्यांना दसऱ्याच्या आत लग्न हवे असते. आणि मुलीचे आईबाप सहा महिने गावात नसतात. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ टाकून जायची भीती त्यांना खात असते. या दोन कारणांपुढे भाषणे टिकत नाहीत. मी बरीच करून बघितली आहेत.

त्या वेळी आई बोलली. एरवी बाहेरच्या माणसासमोर न बोलणारी बाई म्हणाली, ‘गुरुजी, ती संक्रांतीची हाय. अजून सात महिने कमी हायती तिला.’ बाप म्हणाला, दाखल्यावर तर पूर्ण आहेत. मग पत्र्याची पेटी उघडली गेली. उचलीच्या चिठ्ठ्या, विजेची बिले, देवीचा अंगारा आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले लसीकरणाचे कार्ड. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आरोग्य केंद्राचा शिक्का, जानेवारीची तारीख आणि मुलीच्या नावाच्या जागी नुसते ‘बेबी’. ग्रामसेवक हा गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याच्यापुढे दोन्ही कागद ठेवले. तो म्हणाला, ‘दोन तारखा दिसतायत, मला अंगावर घ्यायचं नाही. जानेवारी होऊ द्या.’

जानेवारी होऊ द्या म्हणजे काय? जुलैत तिथ्या संपल्या. दसऱ्याला आईबाप फडावर गेले. ते परत आले तेव्हा मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला वसतिगृहात राहत होती, आणि शिकत्या मुलीला काढून आणायचे म्हणजे भरलेली फी बुडणार, हे बापाच्याच लक्षात आले. सात महिन्यांनी तिला एक वर्ष मिळवून दिले, त्या वर्षाने पुढची दोन. त्यात मुलीची हुशारी होती, आईचे धाडस होते, ग्रामसेवकाचा भित्रेपणाही होता. पण पिशवीतले ते कार्ड एखाद्या हंगामात कोपीबरोबर जळाले असते, तर बाकीचे काही कामाला आले असते असे मला वाटत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, जन्मवेळेचा. इथे मला घड्याळापेक्षा तराजू महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा, त्यांना दिवस जाण्याच्या आधीपासून अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आता पुढचे ऐका. आपले बाळ दिसायला किरकोळ. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नाही. बाहेरून बारीक आणि आतून स्थूल. अशा शरीराला पुढे बरे दिवस आले, बसून खायला मिळाले, की मधुमेह लवकर गाठतो, असे या संशोधकांचे म्हणणे. आणि ज्या आया पालेभाज्या, फळे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे वजनाला चांगली होती.

युरोपातही असेच दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. त्या उपासमारीत जी मुले आईच्या पोटात होती, त्यांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा रक्तातली साखर पचवण्याची शक्ती कमी झालेली आढळली. भूक आईची होती. हिशेब पन्नास वर्षांनी लेकराने दिला. म्हणून आमच्याकडे जानेवारीत बाळंत होणाऱ्या बाईची ‘वेळ’ कशी बघायची? पहाटे चारला चूल, मग फड, दुपारी सकाळचीच भाकरी आणि चटणी, रात्री गाडी भरायला पुन्हा उठणे. गर्भाचे शेवटचे महिने नेमके हंगामातले. पालेभाजी उसाच्या फडात उगवत नाही. शनी-मंगळ जे काही करत असतील ते करोत. हे ग्रह जरा जास्त जवळचे आहेत.

हा कल असतो, कोरलेली रेघ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कमी वजनाचे प्रत्येक मूल मधुमेही होत नाही. पण आईच्या ताटात काय पडले हे माणसांनी ठरवलेले असते, त्यामुळे ते माणसांना बदलता येते. रोहिणी नक्षत्र आपल्याला सरकवता येत नाही.

ज्योतिषी कधी कधी चौथी गोष्टही विचारतो : कूळ, गोत्र. हा प्रश्न कायद्यानेही विचारून झाला आहे. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. त्याचा अर्थ एवढाच, की अमुक जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. आमच्या शेजारी सोलापूरला अशा लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आमच्या भागात पारध्यांच्या वस्त्या आहेत. गावात चोरी झाली की अजूनही पहिली चौकशी तिकडेच वळते, हे मी मास्तरकीच्या काळात पाहिले आहे. आणि त्यातला दुसरा पेच बघा. त्याच वस्तीतल्या फासेपारधी मुलाला अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल, तर त्याचे पूर्वज १९५० सालापूर्वीपासून इथलेच असल्याचा पुरावा मागतात. ज्यांना कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांनी गावात राहत असल्याचा कागद आणायचा! आजोबाच्या नावापुढच्या एका शब्दाचे मोल काय असते, हे २०२३ नंतर इतरांनाही कळले, जेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकाळातली दप्तरे धुंडाळायला सुरुवात केली. तेव्हा घरोघरचे लोक आजा-पणजाची शाळा शोधत फिरत होते.

हे सगळे आता सांगायचे कारण आहे. जन्म नोंदणीचा कायदा २०२३ साली दुरुस्त झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या साऱ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाणार आहे. त्यांतली पहिली मुले २०२९ साली पहिलीत बसतील. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळेतून परत पाठवू नये, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा शाळा सुटणार नाही. पण डोक्यावरून कान धरायला लावून १ जून लिहिणारे गुरुजी आता उरले नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर त्या एका कागदाची विचारणा होईल. खाडीकाठच्या वाशीतल्या मुलीच्या आईबापांनी तो कागद दवाखान्यातून घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत आणलेला असेल. आपल्या वाशीच्या मुलीचा कागद तीनशे किलोमीटरवरच्या दप्तरात, बिननावाचा पडलेला असेल.

ज्यांच्या घरातून यंदा कोणी दिवस राहिलेली लेक-सून फडावर जाणार आहे, त्यांच्यासाठी म्हणून दोन-तीन गोष्टी. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. कुठल्याही आरोग्य केंद्रात ते चालते. बाळंतपण कोपीत झाले तरी त्याच गावच्या ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत कळवा, आणि मुकादमाला त्यासाठी अर्धा दिवस मागून घ्या. बाळाचे नाव आधीच ठरवा आणि नोंद करतानाच सांगा. आत्या रुसली तर बारशाला पाळण्यात वेगळे नाव ठेवू द्या, कागदावर एकच असू द्या. आईबापांची नावे आधार कार्डावर आहेत त्याच अक्षरांत लिहून घ्या. प्रमाणपत्राच्या दोन प्रती मागा. एक पेटीत ठेवा आणि एक गावी आजीजवळ पाठवून द्या.